देव थांबतो, पण मन निबर होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत अलीकडे लातूरच्या एका वाचकांचे पत्र प्रसिद्ध झाले. देवाधर्माच्या बाबतीत तरुणांनी उतावीळ होऊ नये, मनात एखादी प्रेरणा उठली तरी आधी शिक्षण, नोकरी, संसार आणि मुलाबाळांची लग्नकार्ये उरकावीत, देवाला कसलीही घाई नसते, तो थांबतो, असा त्या पत्राचा आशय होता. पत्र सौम्य भाषेत आणि कळकळीने लिहिलेले होते, आणि त्यातील निम्मी गोष्ट मला मान्य आहे. देव थांबतो, हे खरेच. परंतु तो थांबलेला असताना आपणही होतो तसेच राहतो, हे त्या पत्रात गृहीत धरलेले आहे, आणि माझ्या मते सगळा घात त्या गृहीतकात आहे.

मी जालन्यातील निवृत्त शिक्षक असून आमच्या ख्रिस्ती मंडळीत वडील (म्हणजे एल्डर, मंडळीचा कारभार पाहणारा ज्येष्ठ) म्हणून सेवा करतो. त्यामुळे माझी उदाहरणे पवित्र शास्त्रातून, म्हणजे बायबलमधून, जास्त येतील. तरीही हा प्रश्न कोण्या एका धर्माचा नाही, हे गोदाकाठच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नसावी.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. कैसरीयात कैदेत असलेल्या, येशूचा प्रेषित असलेल्या पौलाला यहूदीयाचा रोमन सुभेदार फेलिक्स याने बोलावून घेतले. सोबत त्याची पत्नी द्रुसिल्ला होती. ती हेरोदाच्या राजघराण्यातली, पहिल्या नवऱ्याला सोडून फेलिक्सच्या घरात आलेली. खुद्द फेलिक्स गुलामगिरीतून सुटून सुभेदारीपर्यंत चढलेला होता आणि त्याच्या कारभाराबद्दल रोमन इतिहासकारांनीही बरे लिहिलेले नाही. अशा जोडप्यापुढे पौल बोलला तो नीतिमत्त्व, इंद्रियदमन आणि पुढे होणारा न्याय या विषयांवर. नेमके दुखत होते तिथेच त्याने बोट ठेवले. फेलिक्स भयभीत झाला आणि म्हणाला की सध्या तू जा, सवड सापडली म्हणजे मी तुला बोलावीन.

प्रवचनांत ही गोष्ट बहुतेक वेळा इथेच थांबते, आणि त्याला ती सवड पुढे कधी सापडलीच नाही, असा ऐकणाऱ्यांचा समज होतो. शास्त्रातील मजकूर याहून पुष्कळ भयंकर आहे. फेलिक्सने आपला शब्द पाळला. त्याने पौलाला बोलावले, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा बोलावले आणि त्याच्याशी संभाषण केले. मात्र आता पौलाकडून काही पैसा सुटेल, अशी आशा त्याच्या मनात होती. अशी दोन वर्षे गेली. बोलणारा तोच, ऐकणारा तोच, विषयही बहुधा तेच असावेत. पण पहिल्या दिवशीची ती भीती पुन्हा वाटल्याचा एकही उल्लेख नाही. अखेर त्याच्या जागी पुर्क्य फेस्त आला आणि यहूद्यांची मर्जी संपादन करावी म्हणून फेलिक्स पौलाला कैदेत तसाच ठेवून निघून गेला. सवड भरपूर मिळाली होती. हरवले होते ते थरथरणे, आणि ते कुठल्या दिवशी हरवले हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते.

असे प्रसंग काही रोमन सुभेदारांच्याच वाट्याला येतात असे नाही. बदनापूर तालुक्यातील माझ्या परिचयाच्या एका मोसंबी बागायतदारांची हकिकत ओळख पटणार नाही अशा बेताने सांगतो. वडील वारल्यावर त्यांनी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. आपल्याकडे बहुतेक बहिणी ती करतात, भावाचे घर तुटू नये म्हणून करतात, आणि कायद्याने त्यात काही वावगे नाही. पुढे बहिणीला वैधव्य आले आणि ती दुसऱ्याच्या शेतात खुरपणीला जाऊ लागली. एके रात्री कीर्तन ऐकून घरी येताना या गृहस्थांना वाटेत रडू कोसळले. बहिणीच्या नावावर एक एकर करून दे, असे कोणीतरी कानात स्पष्ट सांगितल्यासारखे झाले, असे त्यांनी स्वतः मला सांगितले. सकाळी ते तालुक्याला गेले, दस्तलेखकाकडून बक्षीसपत्राचा मसुदा तयार करून घेतला, आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. आंबिया बहाराचे पैसे हाती आले की नोंदणी करायची, असे ठरले. बहार आला तेव्हा मुलाचा प्रवेश निघाला. नंतर घरातून कुरकुर सुरू झाली. त्यानंतर समृद्धी महामार्गामुळे आसपासच्या जमिनींचे भाव चढले, आणि जो एक एकर देताना पूर्वी हात थरथरला नसता, तो एकाएकी फार मोठा दिसू लागला. राखीला बहीण येत राहिली, तिला साडी-चोळी मिळत राहिली. मध्यंतरी मी त्यांच्याकडे विषय काढला तेव्हा ते रागावले नाहीत, ओशाळलेही नाहीत. चहाची बशी खाली ठेवून अगदी शांतपणे म्हणाले, "गुरुजी, ते आता डोक्यातून गेलं बघा. आता काही वाटत नाही त्याचं."

बहीण हयात आहे, जमीन जागेवर आहे, निबंधकाचे कार्यालयही रोज उघडते. बाहेरची कोणतीही संधी गेलेली नाही. म्हणूनच हे उदाहरण मला मृत्यूच्या भयापेक्षा अधिक गंभीर वाटते. आज झोपलास तर उद्या उठशीलच कशावरून, असा धाक आमच्याकडचे प्रवचनकार हटकून घालतात, आणि तो खोटा नाही. पण लोक बहुधा उठतात, दुसऱ्या दिवशी चहा पितात आणि तो धाक विसरतात. टाळण्याची खरी शिक्षा मरणाआधीच भोगावी लागते, आणि ती शिक्षा आहे असे वाटत नाही, उलट स्वस्थता वाटते. टोचणी थांबली म्हणजे देवाने प्रकरण मिटवले, असा माणूस अर्थ लावतो. जेरीहोच्या जक्कय नावाच्या जकातदाराने मात्र येशू घरी आला त्याच दिवशी उभे राहून अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे जाहीर केले. तो आठवडाभर थांबला असता तर हिशेबाच्या वह्या समोर आल्या असत्या, आणि चौपटीचे दुप्पट व्हायला जकातदाराला किती वेळ लागतो?

मिसरच्या (इजिप्तच्या) फारो राजाची गोष्ट तर हसावे की रडावे अशी आहे. बेडकांनी वाडा, अंथरूण आणि पीठ मळायच्या काथवटी भरून गेलेल्या असताना, ते दूर व्हावेत म्हणून प्रार्थना केव्हा करू, असे इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याने विचारले, तेव्हा हा राजा म्हणाला, "उद्या." आणखी एक रात्र बेडकांसोबत काढणे त्याला पत्करले, पण त्या क्षणी वाकणे पत्करले नाही.

आता त्याहून महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. लातूरच्या वाचकांनी दिरंगाईचा विचार केवळ त्या एका माणसापुरता केला आहे. थांबला तर त्याचे तो पाहील, असा त्यांचा सूर आहे. गणना या पुस्तकातील कादेश-बर्ण्याचा प्रसंग याच्या अगदी उलट साक्ष देतो. वचनदत्त देशाच्या सीमेवर इस्राएल लोक पोहोचले होते. बारा हेरांनी चाळीस दिवस देश पाहिला. दहा जण घाबरून आले, यहोशवा आणि कालेब या दोघांनी निघू या म्हटले. लोक रात्रभर रडले आणि जायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना पश्चात्ताप झाला आणि आता आम्ही वर जातो म्हणून ते निघाले. मोशेने बजावले की जाऊ नका, परमेश्वर तुमच्यासोबत नाही. तरीही ते गेले आणि हर्मापर्यंत मार खात मागे हटले. आदल्या दिवशी जी चाल आज्ञापालन ठरली असती, तीच दुसऱ्या दिवशी आडमुठेपणा ठरली. आणि पुढची चाळीस वर्षे रानात कोणी काढली? नकार देणारे तिथेच मेले. वणवण त्यांच्या मुलांच्या वाट्याला आली, ज्यांना त्या रात्री कोणी काही विचारले नव्हते.

मराठवाड्यात हे रान दाखवायला लांब जावे लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि पोरे शाळा सोडून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसाराच्या भांड्यांवर बसून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात. अशा गावांत आजी-आजोबांपाशी मागे राहतील एवढी मुले सांभाळावीत, संध्याकाळी त्यांना जेवू घालून अभ्यासाला बसवावे, अशी आच लागलेले शिक्षक, सेवानिवृत्त आणि धार्मिक वृत्तीच्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. कित्येकांनी ते केले, आणि हंगामी वसतिगृहांच्या सरकारी योजनेची वाट न पाहता केले. पण यंदा नको, पुढच्या हंगामापासून बघू, असे म्हणणारेही पुष्कळ भेटले. पुढच्या हंगामापर्यंत सातवीतल्या मुलाचे वय वाढलेले असते आणि त्याच्या हातात कोयता आलेला असतो. थांबणाऱ्याच्या आयुष्यात एक वर्ष गेले, एवढाच हिशेब त्या थांबण्याचा होत नाही.

विशेष हे की आपला प्रदेश हाक ऐकण्यात मुळातच मंद आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावे कोसळली, तेव्हा गणेश विसर्जन करून झोपलेली माणसे ढिगाऱ्याखाली गेली. सरकारी यंत्रणा पूर्णपणे हलण्याआधी शेजारच्या गावांतून लोक टिकाव-फावडी घेऊन, भाकऱ्या फडक्यात बांधून तिथे पोहोचले होते. ही आपली हाक आहे का, यावर कोणी मनन करत बसले नाही. मोठा आवाज झाला की आपण धावतो. जी हाक एकट्यालाच ऐकू येते, जिच्यात आपलेच काही सुटणार असते आणि जी टाळल्याचे शेजाऱ्यालाही कळत नाही, तिथे आपले पाय जड होतात.

या मातीतील परंपरा मात्र वेगळेच सांगते. पैठणचा पोरका एकनाथ आजोबांच्या छायेत वाढत होता. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे जा, असा आदेश त्याला शिवालयात मिळाला आणि तो कोवळ्या वयात कोणाला न सांगता वाटेला लागला, असे संतचरित्रे सांगतात. आमच्याच जिल्ह्यातील जांब गावचा नारायण लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेला आणि पुढे समर्थ रामदास झाला. (त्या नवऱ्या मुलीचे काय झाले असेल, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी छळतो आणि तो कोणी विचारू नये असेही मला वाटत नाही; आज्ञापालनाची किंमत कधी कधी दुसऱ्यालाही मोजावी लागते, एवढे मान्य करूनच ही कथा सांगितली पाहिजे.) नारायण शेषाद्री यांनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो आप्त आणि जात तुटणार हे ठाऊक असताना, आणि पुढे निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ त्यांनी बेथेल ही वसाहत उभी केली. नारायण वामन टिळकांची वाट जरा लांबची होती. रेल्वेच्या डब्यात एका परक्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, त्यानंतर १८९५ साली बाप्तिस्मा घेईपर्यंत ते वाचत, शंका काढत आणि पत्रव्यवहार करत राहिले. तो काळ मी दिरंगाईत मोजणार नाही. जो शोधतो आहे तो चालतोच आहे.

इथे लातूरच्या वाचकांची खरी धास्ती काय असावी, याचा मला अंदाज येतो आणि तिच्याबद्दल आदरही वाटतो. देवाचे बोलावणे आले आहे, आत्ताच्या आत्ता निर्णय घे, घरी विचारू नकोस, असे सांगून माणसाकडून दागिने, जमीन आणि कधी पोटची मुलगीही काढून घेणारे भोंदू आपल्या भागात कमी नाहीत. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला तो उगाच नव्हे. माझ्या धर्मातही भर सभेत रडवून लगेच हात वर करायला लावणारे वक्ते आहेत, आणि त्यांच्याबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. शास्त्रात लहान शमुवेलाला हाक आली तेव्हा तो तीन वेळा वृद्ध याजक एलीकडे धावला. चौथ्या खेपेला, एलीने समजावून सांगितल्यावर, त्याने ती देवाची म्हणून ओळखली. पण तो धावत होता, कूस बदलून पुन्हा झोपला नव्हता, हे ध्यानात घ्यावे. आपल्या काळ्या जमिनीत पेरणारा कोणताही शेतकरी हा फरक जाणतो. पाऊस पडल्यापडल्या तिफण घातली तर चिखल फणाला चिकटतो. वाफसा येईपर्यंत तो थांबतो, पण रोज सकाळी बांधावर जाऊन मूठभर माती दाबून पाहतो, बियाणे घरात तयार ठेवतो, आणि वाफसा आला की पाहुणे दारात बसलेले असले तरी औत जुंपतो. वाफसा उडून गेल्यावर पेरलेले उगवत नाही.

म्हणून मी एक साधी कसोटी सुचवतो. हाक दुसऱ्या माणसाच्या तोंडून येत असेल आणि तिने त्याच माणसाचा लाभ होत असेल, तर खुशाल वर्षभर तपासावे, चार जाणत्यांना विचारावे, गरज पडल्यास पोलिसांतही जावे. पण ज्यात आपल्याच खिशाला किंवा अहंकाराला झळ बसणार आहे, जे करणे योग्य आहे याबद्दल मनात तिळमात्र शंका नाही, अशी हाक तपासण्याच्या नावाखाली टाळण्याला तपासणी म्हणू नये. भावाची क्षमा मागायची आहे, हिस्सा परत द्यायचा आहे, व्यसन सोडायचे आहे, यासाठी कोणत्या अधिक प्रकाशाची वाट पाहायची? मंडळीत मी सर्वांत धार्मिक टाळाटाळ ऐकली ती या शब्दांत: "मी त्याविषयी प्रार्थना करतो आहे." ज्याविषयी आज्ञा आधीच मिळाली आहे, त्याविषयी चाललेली प्रार्थना कधी कधी देवाला वाटाघाटीला बसवण्याचा प्रकार असतो. हेच वारीला पुढच्या वर्षी नक्की म्हणणाऱ्यांचे, आणि तेच मुहूर्त पाहून सत्य बोलू म्हणणाऱ्यांचे.

लातूरच्या वाचकांनी तरुणांना निवृत्तीपर्यंत थांबायला सांगितले आहे. निवृत्त माणूस म्हणून त्यांना एवढेच कळवतो की निवृत्तीत वेळ मिळतो, हे खरे आहे. आमच्या पेन्शनरांच्या कट्ट्यावर तो इतका असतो की वर्तमानपत्र जाहिरातींसह वाचून होते. पण चाळीस वर्षे ज्याने नकाराची सवय केली, तो साठाव्या वर्षी अचानक होकार देतो, असे मी क्वचितच पाहिले आहे. जे देताना दिसतात, ते विशीत-तिशीतही थोडेथोडे देत आलेले असतात.

आपल्या दैनिकातून कीर्तनकार, मौलवी, भन्ते आणि आम्हा ख्रिस्ती मंडळींच्या पाळकांना माझी एक विनंती पोहोचवावी. लोकांच्या मनाला हात घालणारे बोलून झाल्यावर त्याच आठवड्यात कोणीतरी त्या माणसाच्या घरी जाऊन, बाबा रे, तू काय ठरवले होतेस आणि ते कुठवर आले, असे आपुलकीने विचारावे, आणि कार्यालयात जायचे असेल तर सोबत जावे. बदनापूरच्या त्या गृहस्थांकडे मी पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे. मसुदा अजून कपाटात आहे, फाडलेला नाही, हे मी त्या दिवशी विचारून घेतले आहे.

आपला नम्र,
एक वाचक, जालना